पिस्कॅटवेचं पिसं

अमेरिकेत उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे चार वाजता, झोपेची घडी अजून बसलेली नसताना नानांनी मुलाला उठवून विचारलं, “अरे, या गावाची चतुःसीमा काय?”

मुलगा बारा वर्षं पिस्कॅटवेत राहतो. घर स्वतःचं आहे, त्यावरचं कर्जही स्वतःचं आहे, आणि मागच्या अंगणात हरणं येऊन वहिनीची मेथी फस्त करतात. म्हणजे रहिवासी म्हणून काही कमी नाही. तो डोळे चोळत म्हणाला, “एका बाजूला टू-एटी-सेव्हन आहे.”

“तो रस्ता झाला. सीमा सांग. पूर्वेस काय?”

“पूर्वेस... कॉस्टको.”

“ते एडिसनला,” वहिनी आतून म्हणाली.

नाना पुढे काही बोलले नाहीत. पण दहावीला सामाजिक शास्त्रात शाळेत पहिला आलेला मुलगा परमुलुखात जाऊन इतका वाया जावा, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर सकाळच्या चहापर्यंत होतं, असं वहिनी सांगते.

नानांचं खरं नाव मी सांगणार नाही. त्यांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवला. एखाद्याचा इतिहास-भूगोल काढणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे; नानांच्या हाती तो नेमून दिलेला अभ्यासक्रम होता. समोर आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मूळ गाव कुठलं? हा प्रश्न त्यांनी स्टेल्टन रोडवरच्या दुकानातल्या गुजराती गल्लेवाल्याला विचारला, नळ दुरुस्त करायला आलेल्या पोलिश माणसाला विचारला आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विचारण्याच्या बेतात असताना नानींनी कोपर मारलं म्हणून तो राहिला. त्यांना कुणी उलट विचारलं तर मात्र “वाईकडचे” एवढंच म्हणायचे आणि विषय नदीच्या उताराकडे न्यायचे. ते तेव्हा मला काही खटकलं नाही. वाई म्हटल्यावर ढोल्या गणपती आणि विश्वकोश आठवतो, पुढचं कोण विचारतो?

मी त्यांच्या मुलाचा मित्र, दोन गल्ल्या पलीकडचा. माझी नोकरी घरून, म्हणजे गाडी दिवसभर दारात. पिस्कॅटवेत गाडीशिवाय आजोबा म्हणजे वेसणीविना बैल नव्हे, बैलाविना वेसण. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर डनेलन, एडिसन नाहीतर न्यू ब्रन्सविक. पदपथ आहेत, पण ते मध्येच आठवण झाल्यासारखे थांबतात. तेव्हा नानांना हिंडवण्याचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मलाही पिस्कॅटवे एवढंच ठाऊक होतं की इंजिनिअरिंगला असताना आयट्रिपलईच्या प्रत्येक शोधनिबंधाच्या तळाशी हे नाव असायचं. त्या वयात मला वाटायचं, पिस्कॅटवे हे कुठल्याशा छापखान्याचं नाव असणार. त्या संस्थेचं कार्यालय होज लेनवर आहे आणि मी रोज त्याच्यावरून जातो, हेसुद्धा मला नानांनी दाखवलं.

होज लेनवरच केनेडींच्या नावाचं ग्रंथालय. नाना तिथे दहाच्या ठोक्याला हजर. डोक्याला माकडटोपी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज, खिशात दुरेघी वही. पासपोर्टावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहिलेली, म्हणजे पोर्शन तेवढ्यात संपवायचा. सोबतची मंडळी बाकावर बसून गुडघे, ग्रीन कार्ड आणि सुना या त्रिस्थळी यात्रेत मग्न असायची. नाना मधूनच त्यांच्यात जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “तुम्ही बसलात ती जागा कुणाची, माहीत आहे?” बिचारे दचकून उठायचे. त्यांना वाटायचं, कुणाचा रुमाल टाकलेला होता.

नमनाला नानांचं घडाभर तेल ठरलेलं. सुरुवात गायीपासून. “जर्सी म्हटलं की तुला काय आठवतं?” मी म्हणालो, स्वेटर. “आणि मला गाय आठवते. दूध संघाची. स्वेटर, गाय आणि हे राज्य, तिन्ही एकाच बेटाची लेकरं. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या खाडीत जर्सी बेट आहे. तिथला सरदार कार्टरेट. राजाच्या पडत्या काळात त्यानं बेट राखलं, म्हणून १६६४ साली डचांकडून हा मुलूख हाती आल्यावर त्याचा वाटा कार्टरेटला मिळाला आणि नाव पडलं न्यू जर्सी. राजा कोण? दुसरा चार्ल्स. ज्याला लग्नात मुंबई आंदण मिळाली तोच. ती त्यानं १६६८ साली कंपनीला दिली. किती भाड्यानं?”

“दहा पौंड,” मी म्हणालो. एवढं कुणालाही येतं.

“वर्षाला दहा पौंड. म्हणजे तुझी मुंबईतली खोली आणि माझ्या मुलाचं इथलं घर, दोन्ही एकाच घरमालकाच्या वहीतून निघालेली. इतकी वर्षं राहताय, विचारलंत का कधी कुणाला?”

नाही विचारलं. आम्ही मालमत्ता कर किती वाढला ते विचारतो.

कुठलंही साल दिसलं की ते मराठी तारखेशी जुळवून बघायची त्यांना खोड होती. एके दुपारी ग्रंथालयातून त्यांचा फोन आला. माझी क्लायंटबरोबर मीटिंग चाललेली. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. “अरे, सोळाशे सहासष्ट!” नाना ओरडत होते, ग्रंथालयात. “महाराज आग्र्याहून सुटले १७ ऑगस्टला. आणि इथला वसाहतीचा करार १८ डिसेंबरचा. एकच वर्ष! महाराज राजगडावर पोचून विसावले असतील नसतील, तोवर हे चौघे इथे खुंट्या ठोकायला निघाले.” चौघे म्हणजे ह्यू डन, जॉन मार्टिन, होपवेल हल आणि चार्ल्स गिलमन. वर न्यू इंग्लंडात पिस्कॅटाक्वा नदी आहे, तिच्या काठचे हे लोक. येताना नदीचं नाव सोबत घेऊन आले. नाना त्यांना ‘मूळ वतनदार’ म्हणत आणि घरच्यासारखं बोलत. “हलचं बरं होतं, गिलमनचं तितकंसं नाही.”

“ह्यांना पिसं लागलंय,” नानी म्हणायच्या. “पिस्कॅटवेचं पिसं.” गावाचं नाव इतकं बरोबर उच्चारणाऱ्या त्या घरात त्याच एकट्या. मुलगा आणि त्याचे मित्र ‘पिस्काटावे’पासून ‘पिस्कट्वे’पर्यंत काहीही म्हणतात.

भूगोल मात्र नानांना दुखवून गेला. चतुःसीमा काढायला बसले आणि कळलं, गाव दरवर्षी नसलं तरी दर पिढीला आक्रसत गेलेलं. १८७० साली रॅरिटन टाउनशिप वेगळी झाली, पिस्कॅटवे आणि वुडब्रिज दोघांचेही तुकडे घेऊन. १८८७ला डनेलन फुटलं, १९१३ला मिडलसेक्स, १९२६ला साउथ प्लेनफिल्ड. “भाऊबंदकी!” नाना म्हणाले. “अमेरिकेतसुद्धा.” पण खरा घाव पुढेच होता. त्या रॅरिटन टाउनशिपनं १९५४ साली दिव्याच्या शोधकर्त्याचं नाव घेतलं आणि एडिसन झाली. आणि पिस्कॅटवेटाउन म्हणतात ते जुनं गावठाण, जुन्या सेंट जेम्स चर्चसकट, वाटणीत एडिसनकडे गेलं. म्हणजे गाव इकडे आणि पांढरी तिकडे. नानांना दोन दिवस जेवण गेलं नाही. नानी म्हणाल्या, पावभाजी होती म्हणून.

त्याच आठवड्यात एडिसनच्या एका घरी दिवाळीचा फराळ होता. यजमानांचं घर मोठं, पाच खोल्यांचं, तळघरात सिनेमागृह. त्यांनी भाबडेपणानं विचारलं, “काय नाना, कसं वाटलं आमचं एडिसन?” नाना चकली बशीत ठेवून उभे राहिले आणि पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेल्या आवाजात म्हणाले, “एडिसन, डनेलन, मिडलसेक्स, साउथ प्लेनफिल्डसह संयुक्त पिस्कॅटवे झालाच पाहिजे!” म्हाताऱ्या मंडळींपैकी निम्म्यांनी सवयीनं हात वर केले. बेळगावचे एक गृहस्थ होते, त्यांचे डोळे भरून आले. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

गावाचा जो भाग आज न्यू मार्केट म्हणून ओळखला जातो, त्याचं जुनं नाव क्विबलटाउन. क्विबल म्हणजे शब्दांवरून घातलेली हुज्जत. नानांनी जागेवरच भाषांतर केलं: वितंडवाडी. झालं असं की इथले बाप्टिस्ट मोठे धर्मनिष्ठ. त्यांचं चर्च १६८९चं. पण पुढे १७०५च्या सुमाराला एकानं शंका काढली, की देवानं विश्रांतीचा वार सांगितला तो शनिवार, मग आपण रविवारी का बसतो? झालं. एक गट शनिवारवाला, एक रविवारवाला. शनिवारी अर्धं गाव नांगर धरणार आणि अर्धं हात जोडणार; रविवारी उलटं. शेजारच्या गावांनी नाव ठेवलं क्विबलटाउन. मला हे खरं वाटेना, म्हणून नानांनी मला तिथल्या माध्यमिक शाळेसमोर नेऊन उभं केलं. पाटीवर आजही क्विबलटाउन आहे. मुलं वितंडवाडीत सहावी-सातवी शिकतात आणि आई-बाप घरात जास्त बोलतात म्हणून त्यांना बोलतात.

“यात हसण्यासारखं काही नाही,” नाना म्हणाले. “आमच्याकडे स्मार्त एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या. आमचे वडील स्मार्त, चुलते भागवत. दोन दिवस घरात एकाच चुलीवर साबुदाणा आणि भात. चुलीला काही फरक पडला नाही. आईला पडला.”

शाळेचाच विषय निघाला म्हणून सांगतो. १९१५ साली न्यूयॉर्कचे काही अराज्यवादी लोक आपली मॉडर्न स्कूल घेऊन स्टेल्टनला राहायला आले. बार्सिलोनाच्या फ्रान्सिस्को फेरर या शिक्षकाला तिथल्या सरकारनं १९०९ साली गोळ्या घालून मारलं. त्याच्या विचारांची ही शाळा. विल ड्युरंट, ज्यांचे जाडजूड ग्रंथ आपल्याकडे काचेच्या कपाटात असतात, ते न्यूयॉर्कला असताना या शाळेत शिकवत. शाळेत परीक्षा नाही, हजेरी नाही, शिक्षा नाही, मुलाला वाटलं तर यावं. नाना हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. जिथे ती वसाहत होती त्या गल्ल्यांतून आम्ही फिरलो. नाना प्रत्येक घराकडे, आत कुणी गृहपाठ न केलेलं मूल लपलंय अशा संशयानं बघत होते. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, “किती वर्षं चालली म्हणालास?”

“१९५३पर्यंत. अडतीस.”

“अडतीस! आमच्याकडे शिपाई रजेवर गेला तर तास दोन दिवस चालत नाहीत. घंटा कोण देणार?”

पण नानांचा जीव खरा रमला तो रॅरिटन नदीकाठी. भूगोलाचा माणूस, नदी दिसली की चष्मा पुसतो. समुद्राची भरती नदीतून वर येते ती साधारण इथवर. त्यामुळे अठराव्या शतकात गलबतं इथपर्यंत यायची आणि वरच्या मुलखातलं धान्य इथून न्यूयॉर्कला जायचं. त्या धक्क्यावर एक छोटं, डच-इंग्रजी वळणाचं व्यापारी गाव उभं राहिलं, रॅरिटन लँडिंग. कोठारं, दुकानं, बंदरावरची गडबड. कॉर्नेलियस लो नावाचा व्यापारी खाली काठावर राहत होता. १७३८च्या पुरानं त्याला शहाणं केलं आणि १७४१ साली त्यानं वर टेकाडावर दगडी घर बांधलं. ते आज संग्रहालय आहे. “याला म्हणतात लाल रेषा ओळखणं,” नाना म्हणाले. “आमच्याकडे पाटबंधारे खातं रेषा आखतं आणि लोक तिच्यावर मंगल कार्यालय बांधतात.”

घर राहिलं, गाव गेलं. १७७७च्या पहिल्या सहामाहीत इंग्रज फौज इथे तळ देऊन बसली आणि बरंच उद्ध्वस्त करून गेली. उरलंसुरलं पुढच्या शतकात नदीपलीकडून १८३४ला सुरू झालेल्या कालव्यानं आणि मग आगगाडीनं संपवलं. आता वर जॉन्सन पार्कची हिरवळ आहे. अठरा नंबरचा महामार्ग वाढवायची वेळ आली तेव्हा कायद्यानं आधी खणून बघावं लागलं, आणि हिरवळीखाली आख्खं बंदर निघालं. पाये, तळघरं, चिनीमातीच्या कपबश्या.

फौजेतल्या एका माणसावर नानांची विशेष नजर. कॉर्नवॉलिस. त्या हिवाळ्यात तो पलीकडे न्यू ब्रन्सविकला होता. पुढे यॉर्कटाउनला हरला, मग कुठे गेला? “आपल्याकडे! गव्हर्नर जनरल होऊन. टिपूवर चालून गेला तेव्हा बरोबर कोण? हरिपंत फडके. म्हणजे बघ, या नदीचं पाणी प्यालेला माणूस श्रीरंगपट्टणाला फडक्यांच्या तंबूत पानसुपारीला बसला.” त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. “आणि गाझीपूरला जाऊन मेला. म्हणजे शेवटी गंगाकाठ मिळाला. पुण्यवान.”

परतीच्या आधीच्या रविवारी मी त्यांना रिव्हर रोडवरच्या ईस्ट जर्सी ओल्ड टाउन व्हिलेजला नेलं. नानी बरोबर होत्या. इतके महिने तिथे का नेलं नाही, याला कारण माझा आळस. जॉन्सन पार्कातच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं एक लहानसं गाव आहे: चर्च, शाळा, लोहाराचं दुकान, चाकं बनवणाऱ्या सुताराचं दुकान, राहती घरं. नाना वेशीतून आत शिरल्यासारखे शिरले आणि बोटं मोजायला लागले. “लोहार आहे. सुतार आहे. कुंभार कुठाय?”

एका खाणावळीचं नाव इंडियन क्वीन. नानी पाटीसमोर थांबल्या. “कोण गं बाई? झाशीची?” नाना म्हणाले, इथले इंडियन वेगळे. पण मग गोष्ट सांगायला त्यांना रंग चढला. १७७६चा सप्टेंबर; इंग्रजांशी तहाची बोलणी करायला बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स निघालेले. न्यू ब्रन्सविकला खाणावळीत गर्दी, दोघांत एकच पलंग, एकच छोटी खिडकी. अ‍ॅडम्सनं वारा बाधेल म्हणून खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाला, उघड, बंद हवेनंच सर्दी होते, आणि त्यावर व्याख्यान सुरू केलं. ते ऐकता ऐकता अ‍ॅडम्सला झोप लागली. ती खाणावळ हीच, असं सांगतात.

“मग खिडकी?” नानी म्हणाल्या.

“उघडीच राहिली.”

“बघितलंस?” नानी मला म्हणाल्या. “घरी मुलानं ते थर्मोस्टॅट अडुसष्टवर ठेवलंय आणि हे व्याख्यान देतात. मी गुपचूप बाहात्तर करते. तह-बिह नाही.”

तिथे एक आजीबाई स्वयंसेविका होत्या, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्मा. त्यांनी सांगितलं की यातलं कुठलंच घर मूळचं इथलं नव्हे. खाणावळ पाडायला निघाली तेव्हा डॉ. जोसेफ क्लेर नावाच्या गृहस्थांनी ती वाचवायची म्हणून १९७१ साली हे काम उभं केलं. मग आसपासच्या गावांतून जी जी घरं जाणार होती ती उतरवून इथे आणून मांडली. काहींच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या.

नानांनी मला विचारायला लावलं, वाशांवर आकडे घातले होते का? दगड कसे आणले? विहीर कशी आणली? बाई म्हणाल्या, विहीर नाही आणता येत. मग त्यांनी, जी गोष्ट नाना आजवर सगळ्यांना विचारत आले, ती नानांना विचारली. तुमचं गाव कुठलं?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. नाना इंग्रजीतच म्हणाले, “अंडर वॉटर.”

बाईंना वाटलं, भाषेचा घोटाळा झाला. मलाही वाटलं. नानींनी पदर सावरला. मग नाना मराठीत सांगत गेले आणि मी जमेल तसं पुढे देत गेलो. कृष्णेवर धोमचं धरण झालं, सत्तरच्या दशकात. त्यात गाव गेलं. नानांची नोकरी नवीन होती. “आम्ही मारुती आणला,” नाना म्हणाले. “आणि शाळेची घंटा मी आणली. बैलगाडीत माझ्या मांडीवर होती. घरं कुणी आणली नाहीत. घरं आणता येतात, हे कुणाला सुचलंच नाही.” बाईंनी विचारलं, घंटा आता कुठे आहे? नाना म्हणाले, नव्या शाळेत. इलेक्ट्रिकची बसवल्यापासून जुनी कपाटात.

नंतर लोहाराच्या दुकानात नाना भात्याची कातडी चाचपत बराच वेळ उभे होते. नानी बाहेर बाकावर बसून मला म्हणाल्या, “पाण्याच्या बिलावर गावाचं नाव बघतोस ना आमचं? ते नवीन गाव. ह्यांनी तिथली चतुःसीमा अजून लिहिली नाही.”

नाना गेले. विमानतळावर सामान जास्त भरलं, दुरेघी वह्यांचं. मुलानं एक वही तरी ठेवून जा म्हटलं तर म्हणाले, तुला काय करायचीय, तू इथंच राहतोस.

मार्चमध्ये एकदा रात्री अकराला त्यांचा फोन. मागे कुठेतरी पंप घरघरत होता.

“अरे, ते रॅरिटन लँडिंग खणलं ना, ते लोक कोण? महामार्गवाले की विद्यापीठवाले? त्यांचा पत्ता मिळव. त्यांना विचार, गाळाखालचा पाया ओळखायचा कसा. आणि येणार असतील तर राहण्या-जेवणाची सोय आपल्याकडे.”

“नाना, ते तिकडे कशाला येतील?”

“वही मी केलीय. घरवार आहे, कुणाचा उंबरा कुठे ते सगळं. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत पावलं मोजलेली आहेत माझी, लहानपणची, म्हणजे आता त्यांना तीननं भागावं लागेल.”

फोन नानींनी ओढून घेतला. “येणार असतील तर उन्हाळ्यात नको म्हणावं. इथे टँकर दिवसाआड येतो. पाहुण्यांना आंघोळीला काय देऊ?”

आणि मागून नानांचा तास घेण्याचा आवाज, “अगं, पण उन्हाळ्यातच तर गाव वर येतं!”